मागुराच्या पेशी आणि तुरटीचा खडा

मी उतावळी आहे. भात शिजायच्या आत तीनदा झाकण काढून पाहणारी. ज्या कामात रात्रभर थांबून सकाळी बघायचं असतं, तेच काम माझ्या नशिबी का आलं हे देवाला ठाऊक. पण आलं, आणि मला ते भयंकर आवडलं. त्याच कामाने मला एकदा असं तोंडावर आपटलं की आठवलं की अजूनही नाक चोळावंसं वाटतं.

मागूर हा मासा आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. काळपट, मिशांचा, अंगावर एक खवला नाही. तलाव आटला तरी गाळात रुतून दिवस काढतो. बाजारात परातीत टाकला तर तासन् तास तोंडाची उघडझाप करत जिवंत राहतो. मला लहानपणापासून प्रश्न पडायचा की त्या चिखलात जिवाणूंचा नुसता बुजबुजाट, हा उघड्या अंगाने त्यात लोळतो, काटेकुटे लागून जखमा होतात, मग हा सडत कसा नाही? पुढे प्राणिशास्त्र शिकले तेव्हा उत्तर मिळालं आणि अंगावर काटा आला. माशाच्या शरीरात काही पेशी जन्मापासून पहाऱ्यावर असतात. आपल्याला एकदा गोवर येऊन गेला की शरीर त्याला ओळखून ठेवतं. ह्या पेशींना अशी जुनी ओळख लागत नाही. परका जिवाणू दिसला की त्या तुटून पडतात. त्यांच्या पोटात बारीक बारीक प्रथिनं तयार ठेवलेली असतात आणि ती जिवाणूच्या आवरणाला भोकं पाडतात. म्हणजे डॉक्टर आणि औषध, दोन्ही मासा अंगातच घेऊन फिरतो! हे कळलं त्या दिवशी मी जेवताना इतकं बोलले की नवरा शेवटी म्हणाला, "आता तो रस्सा थंड होऊन राह्यला, खाऊ दे."

ह्याच प्रथिनांवर मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. सकाळी ब्रह्मपुरीत कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि दुपारी तिथल्याच प्रयोगशाळेत मासे कापत बसायचं, असं सहा वर्षं चाललं. मुदत संपली, वाढवून घेतली, पुन्हा संपली. शेवटची वाढ देताना विद्यापीठाच्या समितीने लेखी कळवलं की पुढच्या बैठकीत मागुराच्या पेशींतलं प्रथिन जिवाणू मारतं ह्याचा एक तरी पक्का पुरावा दाखवा, नाही तर नोंदणी रद्द. ते पत्र मी पर्समध्ये ठेवलं होतं आणि दिवसातून दोनदा काढून वाचायचे, जणू वाचून त्यातला मजकूर बदलणार होता.

पुरावा मिळवायची पद्धत सोपी आहे. काचेच्या चपट्या डबीत जेलीसारखा थर ओततात, त्यात जिवाणू मिसळलेले असतात. थराला बारीक भोकं पाडायची आणि भोकात पेशींचा अर्क टाकायचा. डबी रात्रभर उबेत ठेवली की जिवाणू वाढतात आणि सगळा थर धुरकट होतो. अर्कात दम असला तर भोकाभोवती स्वच्छ गोल राहतो. दम नसला तर सगळीकडे सारखाच धुरकट. माझ्या डब्या सगळीकडे सारख्याच धुरकट यायच्या.

माझे मार्गदर्शक सर कमी बोलतात. एक दिवस ते म्हणाले, "तुम्ही बाजारातून मासा आणता, तोवर पेशी मरून जातात. तलावावर जा. मासा मेल्या मेल्या अवयव काढा आणि थंड करा."

म्हणून मी तलावावर गेले. ब्रह्मपुरीपासून जीपने तासाभराच्या अंतरावर एक जुना मोठा तलाव आहे, तिथे मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या बाया सकाळी काठावर मच्छी कापायला बसतात. मला माशाचं पुढचं मूत्रपिंड हवं होतं. ते डोक्याच्या मागे, मणक्याला चिकटून असतं आणि पहारेकरी पेशींचं ते मोठं ठाणं. मी हातमोजे चढवले, चिमटा काढला, आणि मागुराने पहिल्याच मिनिटाला कल्ल्याजवळचा काटा माझ्या अंगठ्यात घुसवला. मी बोंब मारली. शेजारी बसलेल्या बाई पन्नाशीच्या पुढच्या होत्या, हातात पावशी, म्हणजे आमच्याकडची विळी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मासा हातातून काढून घेतला, दोन वार केले, अंगठा आत घातला आणि गडद लाल गोळा अलगद बाहेर काढला.

"हे पायजे काय?" त्या म्हणाल्या. "हे तं आमी खरवडून फेकतो. राह्यलं तं रस्सा कडू होते."

मी सहा वर्षं ज्याच्या मागे होते, ते ह्या बाई रोज खरवडून फेकत होत्या! मला इतका आनंद झाला की अंगठ्याची आगसुद्धा विसरले.

आमचं ठरलं. मला सकाळी तास असायचे, म्हणून बाईंनी मासा कापायचा आणि तो लाल गोळा मी दिलेल्या बाटलीत टाकायचा. बाटलीत पेशी फुटू नयेत म्हणून मोजून मापून क्षार घातलेलं पाणी असायचं. बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवून जीपवाल्या भाऊंकडे द्यायच्या, ते कॉलेजच्या फाटकाशी उतरवणार. आमच्या भागात जीपमधून नवरीच्या बांगड्यांपासून कोंबड्यांपर्यंत सगळं जातं, त्यात माझ्या बाटल्यांचं काय.

पहिला डबा आला. गोळे कसे घट्ट, टवटवीत, पाणी आरशासारखं स्वच्छ. मी खूश. पेशी काढल्या, अर्क केला, भोकात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबी उजेडात धरली आणि किंचाळले. भोकाभोवती गोल होता! रुपयाच्या नाण्याएवढा, स्वच्छ, काठ कोरल्यासारखा. शिपाई धावत आला, त्याला वाटलं मला शॉक लागला. मी त्याला डबी दाखवली. त्याला काही कळलं नाही, पण तोही हसला. दुपारच्या आत मी अर्धा किलो पेढे वाटून मोकळी झाले. प्राचार्य, क्लार्क, बीएस्सीची पोरं, झेरॉक्सवाला, कोणी सुटलं नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

सरांनी पेढा घेतला, पण हातातच ठेवला. डबी बराच वेळ पाहिली.

"गोल फार मोठा आहे," ते म्हणाले. "ट्रिप्सिन घालून बघितलंत?"

ट्रिप्सिन प्रथिनं खातं. अर्कात ते आधी मिसळून ठेवायचं. जिवाणू मारणारी वस्तू प्रथिन असेल तर ट्रिप्सिन तिला खाऊन टाकणार आणि गोल उमटणार नाही. गोल तरीही उमटला तर समजायचं की मारणारं दुसरंच काहीतरी आहे. "बघते ना सर, उद्याच," मी म्हणाले. मला खात्री होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

दुसऱ्या दिवशी गोल तसाच. रुपयाच्या नाण्याएवढा, स्वच्छ, काठ कोरल्यासारखा. मी ट्रिप्सिन वाढवलं, वेळ वाढवला, गोल ढिम्म हलेना. सरांनी तो पेढा कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला आणि वर्गावर गेले. समितीच्या बैठकीला अकरा दिवस होते. मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.

रडून झाल्यावर डोकं जरा चालायला लागलं. आजवर माझे नमुने मऊ, लालभडक पाण्यात यायचे. हे गोळे इतके घट्ट का? पाणी इतकं स्वच्छ का? मी हे पहिल्या दिवशीच पाहिलं होतं आणि "ताजं आहे म्हणून" असं स्वतःला सांगून मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी तास बदलून घेतले आणि पहाटेच्या जीपने तलाव गाठला. बाईंना म्हटलं, नेहमी करता तसंच करा, मी फक्त बघते.

त्यांनी मागूर घेतला. राख लावून धरला, दोन वार, अंगठा, गोळा. गोळा बाटलीत. सगळं चोख. बाटलीतलं पाणी लाल झालं. मग बाईंनी बाटली उचलली, माझं मोजून मापून केलेलं पाणी सरळ तलावात ओतलं, बाटली शेजारच्या घागरीतल्या पाण्याने भरली आणि कनवटीची पुरचुंडी सोडून एक पांढरा खडा आत टाकला.

"बाई! हे काय करून राह्यल्या?"

"काऊन? रोजचंच तं करून राह्यली."

"माझं पाणी फेकलं तुम्ही!"

"रगताचं पानी झालं ना ते. तसंच घाण कॉलेजात पाठवू काय? लोकं म्हनतीन, त्या गावच्या बायाईले मच्छी धुता येत नाई."

"अन् हे काय टाकलं?"

"तुरटी. विहिरीचं पानी गढूळ हाये पावसाचं. तुरटीनं कसं निवळते. वास बी मारत नाई, अन् मांस कडक राहते."

तुरटी! दाढी करताना कापलं तर नवरा गालाला लावतो ती तुरटी. जिवाणू मेले होते ते तिच्याने. माझ्या पेशी तर साध्या पाण्यात पडल्या पडल्या फुटून गेल्या असणार. मी अर्धा किलो पेढे तुरटीच्या नावाने वाटले होते.

मग माझा तोल गेला. काठावरच्या सगळ्या बायांसमोर मी ओरडले, सहा वर्षं, समिती, नोंदणी, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला," हेसुद्धा बोलले. बाई शांतपणे पावशीची धार पुसत राहिल्या. माझं संपलं तेव्हा म्हणाल्या,

"तुमी सांगतलं होतं काय, का हे पानी फेकाचं नाई? बाटल्या देल्या, बरफ देला, 'एवढं करा बाई' म्हनून गेल्या. ते कायचं पानी हाये, ह्या गोळ्याचं तुमी काय करता, एक शब्द सांगतला नाई. मी चांगल्यासाठीच केलं ना मॅडम."

ह्या पेशींची गोष्ट मी नवऱ्याला सांगितली होती, विद्यार्थ्यांना सांगितली होती, जीपवाल्या भाऊंना तर दोनदा सांगितली होती. ज्यांच्या अंगठ्यावर माझं सगळं काम उभं होतं, त्यांनाच सांगावंसं मला वाटलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मी तिथेच चिखलात फतकल मारली आणि म्हणाले, "चुकलं माझं. आता सांगते."

आणि सांगायला लागल्यावर माझं नेहमीचं वारं अंगात शिरलं. पहारेकरी पेशी, त्यांच्या पोटातली प्रथिनं, जिवाणूच्या अंगाला पडणारी भोकं, सगळं हातवारे करून सांगितलं. बोटाने चिखलात डबी काढली, भोक पाडलं, भोवती गोल काढला. बाजूच्या बायांनीही हातातलं काम थांबवलं. बाई खाली वाकून पाहत होत्या.

"मंग मच्छीच्या अंगातच दवा हाये म्हना ना," त्या म्हणाल्या. "म्हनूनच चिखलात राहून बी मागुराले काई होत नाई." मग त्यांनी विचारलं, "पन तुरटीनं बी गोल येते, अन् मच्छीच्या दवेनं बी गोल येते. मंग कोनाचा कोनता, ओळखाचं कसं?"

सरांनी विचारला तोच प्रश्न! मला तो सहा वर्षं शिकून सुचला नव्हता आणि ह्यांनी दहा मिनिटांत विचारला. मी ट्रिप्सिनचं सांगितलं. औषध मच्छीचं असलं तर ट्रिप्सिन ते खाऊन टाकतं आणि गोल गायब होतो, तुरटीचा असला तर राहतो.

"म्हंजे गायब झालं तं खरं?"

"हो."

"उलटंच हाये तुमचं शिक्षन," बाई म्हणाल्या आणि हसल्या. बाकीच्याही हसल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.

निघताना त्यांनी अजून एक सांगितलं. जाळ्यातून काढलेला मागूर लगेच कापायचा नाही. "दोन दिवस घागरीत, वर ओलं पोतं टाकून बसू द्या त्याले. तडफडून तडफडून आलेला राहते, घाबरलेला. त्याच्या अंगात कायची दवा राहीन?" खाण्यासाठी त्या नेहमी असंच करत, चिखलाचा वास सुटावा म्हणून. घाबरलेल्या माशाच्या पेशी मंदावतात हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण माझ्या सहा वर्षांच्या माशांपैकी एकालाही मी दोन दिवस बसू दिलं नव्हतं. बसू देणं माझ्या स्वभावातच नाही.

समितीला आठ दिवस उरले असताना डबा आला. बाटल्यांतलं पाणी लाल होतं. गोळे मऊ होते. तो लाल रंग बघून मला जो आनंद झाला तो कोणत्याही साडीच्या लाल रंगाने झाला नसेल. पण एका बाटलीत गोळाच नव्हता. नुसतं माझं पाणी, आणि मानेला काळा दोरा बांधलेला. मी बाईंना फोन लावला.

"एक बाटली रिकामी आली बाई."

"रिकामीच पाठवली. झाकन उघडलं, तलावावर ठेवली, बंद केली, जीपमंधी बसवली. मच्छी नाई टाकली. तिच्यात बी गोल आला तं समजाचं का तुमचं पानीच खोटं हाये."

आमच्याकडे तुलनेसाठी कोरा नमुना असतो, पण तो प्रयोगशाळेतच भरलेला. तलावाच्या काठावर बसून, जीपमधून हादरे खात आलेला कोरा नमुना हवा, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

ह्या वेळी मी कोणाला काही सांगितलं नाही. अर्क केला, डबी ठेवली, घरी गेले, आणि भाताचं झाकण फक्त एकदा काढलं. सकाळी डबी उजेडात धरली. काळ्या दोऱ्याच्या बाटलीतलं पाणी टाकलेल्या भोकाभोवती सगळं धुरकट. मागुराच्या भोकाभोवती गोल होता. लहान, सदऱ्याच्या गुंडीएवढा, काठ जरा पुसट. पर्स उचलली, पेढ्यांच्या दुकानाकडे निघाले, आणि फाटकाशी पोचल्यावर बाईंना फोन केला.

"आला! गोल आला बाई!"

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, "आला तं आला. आता गायब करून दाखवा. पेढे मंग."

मी फाटकातून परत फिरले. त्या दिवशी अर्कात ट्रिप्सिन घातलं, डबी ठेवली, आणि आयुष्यातली सगळ्यात लांब संध्याकाळ काढली. दुसऱ्या सकाळी सर माझ्या आधी येऊन उभे होते. त्यांनीच डबी काढली आणि माझ्या हातात दिली. डाव्या भोकात नुसता अर्क होता, तिथे गुंडीएवढा गोल. उजव्या भोकात तोच अर्क, ट्रिप्सिन घातलेला. तिथे काही नव्हतं. सगळीकडे सारखाच धुरकट.

"गायब झाला!" मी ओरडले. "सर, गायब झाला! गायब झाला!" शिपाई पुन्हा धावत आला, ह्या वेळी त्याला वाटलं चोरी झाली. सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पेढे कुठे आहेत?" जो धुरकट थर बघून मी वर्षानुवर्षं रडले होते, त्याच धुरकट थराकडे बघून मी नाचत होते.

समितीसमोर मी सगळं मांडलं, तुरटीसकट. एका सदस्यांनी विचारलं की ही फसगत अहवालात कशाला लिहिली. मी म्हटलं, ती झाली नसती तर हा पुरावा पक्का आहे हे मलाच कळलं नसतं. दुसऱ्या सदस्य बाई अहवालात काळ्या दोऱ्याच्या बाटलीपाशी थांबल्या. "काठावरून आणलेला कोरा नमुना! ही कल्पना कोणाची?" मी म्हटलं, "तलावावर मच्छी कापणाऱ्या एका बाईंची." त्यांनी मान डोलावली आणि कागदावर सही केली. पुरावा मान्य झाला. पर्समधलं जुनं पत्र मी बाहेर पडल्या पडल्या फाडून टाकलं.

दुसऱ्या सकाळी पेढ्यांचा खोका घेऊन जीपमधून तलावावर उतरले. बाईंनी दुरूनच ओळखलं, हात धुतले, पदराला पुसले. मी खोका उघडून पुढे केला. त्यांनी एक पेढा उचलला, पण तोंडात टाकला नाही. काठाशी जाऊन बसल्या, पेढा कुस्करला आणि पाण्यात सोडला.

"खा माय," त्या म्हणाल्या. "तुयी दवा पास झाली."

मग माझ्याकडे वळून त्यांनी खोक्यातला दुसरा पेढा घेतला आणि आधी माझ्या तोंडात घातला.